टाकी उपसताना मासे आणि श्रिम्प ठेवायचे कशात? बादली, थर्माकोल, क्रेट आणि काचेची पारख

दीड फुटी टाकी म्हणजे १८ × १२ × १२ इंच. काठोकाठ भरली तर सुमारे ४२ लिटर, पण रेती, दगड, लाकूड आणि वरची दोन बोटं वजा केली की प्रत्यक्ष पाणी तीस-बत्तीस लिटरच असतं. अशी टाकी उपसून नव्याने मांडायची ठरली की तळाची माती म्हणजे सॉइल कुठली, दगड कुठले, झाडं कुठली यावर आठवडा-आठवडा विचार होतो. आत राहणाऱ्या दहा टेट्रा, चार कोरीडोरास (तळाशी राहणारे छोटे मासे) आणि चाळीस-पन्नास चेरी श्रिम्पची (गोड्या पाण्यातल्या छोट्या लाल कोळंब्यांची) सोय मात्र ऐन वेळी न्हाणीघरातल्या बादलीत होते. मासे मरतात ते बहुतेक वेळा नव्या टाकीत नाही, या बादलीतच. म्हणून अशा तात्पुरत्या मुक्कामासाठी बाजारात आणि घरात जे जे मिळतं त्याची ही पारख आहे. भांड्याची तर आहेच, त्याहून जास्त त्या भांड्याला जिवंत ठेवणाऱ्या सामानाची.

काहीही विकत घ्यायच्या आधी मुक्काम किती दिवसांचा हे ठरवा. रेती तीच, फिल्टर तोच, फक्त दगड-झाडांची जागा बदलायची असेल तर काम तीन-चार तासांचं. रेती काढून धुतलेली नवी निष्क्रिय (पाण्याचे गुण न बदलणारी) रेती घालायची असेल तर एक-दोन दिवस धरा. नवी ॲक्टिव्ह (पाण्याचे गुण बदलणारी) सॉइल घालणार असाल तर तीन ते पाच आठवडे. एडीए ॲमेझोनियासारख्या पोषक सॉइल पहिल्या काही आठवड्यांत स्वतःच पाण्यात माशांना विषारी असा अमोनिया सोडतात, आणि तो उतरेपर्यंत त्या टाकीत जीव घालता येत नाही. तीन तासांसाठी बादली चालते. पाच आठवड्यांसाठी तुम्ही दुसरी टाकीच चालवणार आहात, मग ती दिसायला काहीही असो. भांडं निवडताना चुका होतात त्या हा फरक लक्षात न घेतल्यामुळे.

भांडी

न्हाणीघरातली २० लिटरची बादली सगळ्यांच्या घरात असते, हाच तिचा एकमेव गुण. तिच्या प्लास्टिकवरच्या बारीक ओरखड्यांत साबण आणि फरशीचं ॲसिड बसलेलं असतं आणि ते पाण्याने निघत नाही. दुसरा दोष तिच्या आकाराचा. बादलीचं तोंड साधारण ३० सेंटिमीटर व्यासाचं धरलं तर हवेला भिडणारं पाणी जेमतेम ७०० चौरस सेंटिमीटर. प्राणवायू पाण्यात शिरतो तो याच पृष्ठभागातून, म्हणून उंच-अरुंद भांड्यात मासे लवकर वर येऊन तोंड मारू लागतात. नवी कोरी बादली आणून ती फक्त माशांसाठीच राखली आणि एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावला तर अर्ध्या दिवसासाठी हरकत नाही. जुन्या रंगाच्या बादल्या मात्र कितीही घासल्या तरी वापरू नका.

मिठाईच्या दुकानातून मिळणारी श्रीखंडाची पांढरी बादली त्यापेक्षा बरी. प्लास्टिक खाद्यपदार्थांच्या दर्जाचं असतं आणि झाकण घट्ट बसतं. अडचण चिकट, तुपकट अंशाची. तो राहिला तर पाण्यावर तवंग येतो आणि हवेची देवाणघेवाण अडते. भांडी घासायचा साबण न लावता गरम पाणी आणि खायचा सोडा घेऊन दोनदा धुवा, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात ठेवा. पांढऱ्या भिंतींवर लाल श्रिम्प लख्ख दिसतात, त्यामुळे मोजणी आणि पिल्लं शोधणं सोपं जातं. टाकीतलं पाणी सायफनने काढून घ्यायला तर ही बादली फार उपयोगी आहे.

थर्माकोलचा खोका पुण्या-नाशिकच्या थंडीत खरोखर कामाचा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतं, तेव्हा लहान भांड्यातलं पाणी झपाट्याने गार होतं. थर्माकोल हा उतार हळू करतो, शिवाय आत अंधार असल्यामुळे मासे शांत राहतात. पण हलक्या प्रतीचा थर्माकोल पाझरतो. संध्याकाळी कोरडा दिसणारा खोका सकाळी फरशीवर तळं करून ठेवतो, म्हणून आत जाड, बिनवासाचं, न छापलेलं पॉलिथिन घालणं आवश्यक आहे. मासळी बाजारातला खोका नको, त्याच्या छिद्रांत खारं पाणी आणि सडका अंश मुरलेला असतो. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे माल ज्यातून येतो तो खोका मागा, बऱ्याचदा तसाच मिळतो. हीटर मात्र थर्माकोलला टेकता कामा नये, तो भिंत वितळवतो. दोन दिवसांपर्यंत या खोक्याला आमची पसंती, पुढे नाही.

झाकणवाले पारदर्शक स्टोरेज बॉक्स दिसायला मोहक असतात आणि बरेच जण तेच घेतात. कपडे ठेवायला बनवलेल्या या डब्यांच्या भिंती पातळ असतात. अर्ध्याहून जास्त भरले की मधोमध फुगतात, झाकण बसेनासं होतं आणि कोपऱ्यावर ताण येऊन चीर पडते. खाली चाकं असतील तर आणखी वाईट, कारण तळाला सगळीकडून आधार मिळत नाही. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, हे विसरू नका. घ्यायचाच असेल तर बिनचाकाचा घ्या, सपाट फरशीवर ठेवा आणि निम्माच भरा.

सगळ्यांत उजवा ठरतो तो बंद भिंतींचा औद्योगिक क्रेट. फळं-भाजीचा जाळीचा नव्हे, चारही बाजू आणि तळ सलग असलेला. नीलकमल, सुप्रीम अशा कंपन्यांचे ६० × ४० सेंटिमीटर मापाचे क्रेट प्लास्टिकच्या घाऊक दुकानांत मिळतात. भार पेलण्यासाठीच बनवलेले असल्याने ते पाण्याने फुगत नाहीत. १५ सेंटिमीटर म्हणजे सहा इंच पाणी भरलं की सुमारे ३६ लिटर होतं, म्हणजे दीड फुटी टाकीतलं सगळं पाणी मावतं. पृष्ठभाग २४०० चौरस सेंटिमीटर, बादलीच्या तिप्पट-चौपट. वर मोकळी भिंत उरते, त्यामुळे उडी मारणारा मासाही सहसा आतच पडतो. काम झालं की धुऊन एकात एक रचून ठेवता येतो. घेताना तळाला कच्चं प्लास्टिक चिकटलेलं नाही ना, हँडलचं भोक पाण्याच्या रेषेच्या वर आहे ना, हे पाहा. स्वस्तातल्या काही क्रेटना पुनर्वापराच्या प्लास्टिकचा उग्र वास असतो. क्रेट कढत पाण्याने भरून चोवीस तास ठेवा. पाण्याला वास आला तर परत करा.

एक फुटी काचेची टाकी (१२ × १२ × १२ इंच, सुमारे २८ लिटर) श्रिम्पसाठी क्रेटपेक्षाही चांगली, कारण कडेने पाहता येतं. कात टाकताना अडकलेली श्रिम्प, अंडी धरलेली मादी, मेलेला जीव हे सगळं वरून दिसत नाही. महिनाभराचा मुक्काम असेल तर माशांना क्रेट आणि श्रिम्पना काच अशी विभागणी करा. काचेखाली फोमची शीट घाला. ताज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत वापरू नका.

टाकीच्या आत लटकवायच्या ब्रीडिंग बॉक्सबद्दल एवढंच, की ज्या टाकीचं पाणी तुम्ही उपसणार आहात तिच्यात लटकवलेली जाळी कामाची नाही.

स्पंज फिल्टर, आणि तोही जुना

भांडं दुय्यम आहे. खरा फरक पडतो तो त्यात आधीपासून जीवाणूंनी भरलेला फिल्टर आहे की नाही यावर. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू पाण्यात फारच थोडे असतात. ते राहतात फिल्टरच्या स्पंजवर, रेतीच्या दाण्यांवर, लाकडावर. त्यामुळे ‘जुनंच पाणी भरलंय, काळजी नाही’ हे समाधान खोटं आहे. जुन्या पाण्यामुळे तापमान आणि क्षार जुळतात, अमोनिया कमी होत नाही.

थोडा हिशेब करू. चाळीस टक्के प्रथिनं असलेल्या एक ग्रॅम खाद्यात सुमारे ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला निम्मा जरी अमोनियाच्या रूपात बाहेर पडला तरी २० लिटर पाण्यात लिटरमागे १.६ मिलिग्रॅम होतात. दहा-बारा लहान माशांना एक ग्रॅम खाद्य तीन-चार दिवसांत सहज घातलं जातं. या अमोनियाचा विषारी भाग पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे यावर ठरतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर अर्धा टक्काच, पीएच ८ ला तो साडेपाच टक्क्यांच्या जवळ जातो, म्हणजे जवळपास दहापट. बोअरवेलचं किंवा टँकरचं कठीण पाणी वापरणाऱ्यांना म्हणूनच सवलत कमी. तलावांचं मऊ पाणी मिळणाऱ्या मुंबईकरांचे मासे जे सहन करतात ते तिथे सहन होत नाही.

उपाय साधा आहे. टाकी उपसायच्या चार ते सहा आठवडे आधी एक स्पंज फिल्टर चालू टाकीत एका कोपऱ्यात लावून ठेवा. एक्सवाय-३८० या नावाने मिळणारा दोन स्पंजांचा फिल्टर या कामाला आमच्या मते सर्वांत सोयीचा. एका वेळी एकच स्पंज धुता येतो, दुसऱ्यावरचे जीवाणू शाबूत राहतात. तो भिंतीला चिकटतो सक्शन कपांनी आणि हे कप काही महिन्यांत कडक होऊन सुटतात. क्रेटच्या खडबडीत भिंतीवर तर ते धड बसतच नाहीत. त्यासाठी खाली वजनाचा पाया असलेला एका स्पंजाचा प्रकार घ्या, किंवा नळीला एक गोटा बांधा. नवा स्पंज पहिले एक-दोन दिवस तरंगतो. पाण्याखाली दाबून पिळला की आतली हवा निघते आणि तो बसतो. वेळ कमी असेल तर जुन्या फिल्टरचा मळ टाकीच्याच पाण्यात पिळून तो नव्या स्पंजावर ओता. जीवाणू लवकर रुजतात.

आता अनेकांचा गोंधळ होतो त्या गोष्टीकडे. जुना फिल्टर नव्या टाकीत ठेवायचा की टबात, म्हणजे या तात्पुरत्या भांड्यात? मुक्काम काही तासांचा असेल तर प्रश्न नाही, पण नवी सॉइल घातलीत तर पिकलेला, म्हणजे जीवाणूंनी भरलेला फिल्टर जीवांसोबत जायला हवा. मासे टबात आहेत, अमोनिया तिथे तयार होतोय. नव्या टाकीतल्या सॉइलचा अमोनिया तिथल्या नव्या फिल्टरला पोसेल, त्यात अजून कोणी राहत नाही. दोन स्पंज असतील तर दहा-बारा दिवसांनी त्यातला एक टाकीत हलवा, टाकी लवकर बसते.

कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) किंवा हँग-ऑन (काठाला लटकवायचा फिल्टर) बंद करून तसाच बाजूला ठेवू नका. आतलं साचलेलं पाणी काही तासांत प्राणवायू गमावतं, जीवाणू मरू लागतात आणि पुन्हा चालू करताच तो कुजका माल टाकीत येतो. स्पंज आणि सिरॅमिक रिंगा लगेच काढून जाळीच्या पिशवीत घाला आणि टबात एअर स्टोनच्या वर टांगा. हँग-ऑन क्रेटच्या काठाला लावायचा मोह टाळा. क्रेटमधलं पाणी काठापासून बरंच खाली असतं, पंप पाणी ओढत नाही आणि कोरडा चालून जळतो.

हवा, वीज आणि मच्छर

स्पंज फिल्टरला एकाच नळीचा लहान एअर पंप पुरतो. फिल्टर आणि पंप मिळून साधारण पाचशे-सातशे रुपयांच्या घरात बसतात. त्यात चेक व्हॉल्व्हचे (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेचे) वीस-तीस रुपये वाचवू नका. तो नसेल आणि पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर वीज जाताच पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून बोर्डापर्यंत येतं. व्हॉल्व्ह लावताना दिशा तपासा: पंपाकडून फुंकर गेली पाहिजे, उलटी नाही.

वीज जाणाऱ्या भागात यूएसबीवर चालणारा पंप आणि पॉवर बँक ही जोडी छान वाटते, पण तिच्यात एक खोट आहे. हा पंप इतका कमी करंट घेतो की बऱ्याच पॉवर बँका ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. माशांवर प्रयोग करू नका. आदल्या रात्री रिकाम्या बादलीत पंप लावून सकाळपर्यंत चालतो का ते पाहा. कमी करंटचा वेगळा मोड असलेली पॉवर बँक घ्या, नाहीतर सुट्या सेलवर चालणारा जुन्या धाटणीचा पंप घ्या. तो आवाज करतो, पण फसवत नाही.

उन्हाळ्यात हवेचं महत्त्व दुप्पट. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.५. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात टब खिडकीशी किंवा गच्चीच्या जिन्यात ठेवू नका. पाण्याच्या पृष्ठभागावरून छोटा पंखा फिरवला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, मात्र उडालेलं पाणी रोज भरावं लागतं.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: ज्या खोलीत टब आहे तिथे डास पळवणारं लिक्विडचं मशीन, कॉइल किंवा स्प्रे अजिबात नको. त्यातली पायरेथ्रॉइड वर्गातली द्रव्यं माशांना घातक आणि श्रिम्पना त्याहून घातक आहेत. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. उंच टाकीपेक्षा जमिनीवरच्या उघड्या क्रेटला हा धोका जास्त. झाकण म्हणून मच्छरदाणीचं कापड नाडीने ताणून बांधणं उत्तम, पण कापड साधं हवं. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी नको.

पाणी

टब टाकीच्याच पाण्याने भरायचा, तोही रेतीला हात लावण्याआधी. नंतर टाकी भरताना आणि टबात पाणी बदलताना नळाचं पाणी लागतं, तिथे क्लोरीनचा प्रश्न येतो. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवं, आणि पावसाळ्यात मात्रा वाढवलेली असू शकते.

स्वस्त उपाय हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे. १० ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली द्रावण करा. १० लिटरला १ मिली. एका भाग क्लोरीनला सात भाग हायपो या जुन्या, सढळ हिशेबाने ही मात्रा लिटरमागे सुमारे १.४ मिलिग्रॅम क्लोरीन मारते, घरच्या नळाला ती भरपूर झाली. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर मात्र हायपो क्लोरीन काढतं आणि अमोनिया मोकळा सोडतं.

सीकेम कंपनीचं प्राइम हे क्लोरीन मारणारं द्रावण महाग, पण मात्रा थोडी: २०० लिटरला ५ मिली. म्हणजे ३६ लिटरच्या क्रेटला पूर्ण भरतानाही ०.९ मिली. बाटलीच्या झाकणाने एवढं थोडं मोजता येत नाही. मेडिकलमधून २ मिलीची सिरिंज घ्या आणि सुई टाकून द्या. अमोनिया ४८ तासांपर्यंत बांधून ठेवतं असा कंपनीचा दावा आहे. त्याच्या भरवशावर पाणी बदलणं टाळू नका, बांधलेला अमोनियाही पाण्यातच असतो आणि अमोनिया मोजायच्या किटमध्ये दिसतोच. किटचं बोलायचं तर एपीआयचं अमोनिया किट पुरेसं आहे: ५ मिली पाणी, दोन्ही बाटल्यांचे आठ-आठ थेंब, पाच मिनिटं थांबा, पांढऱ्या कागदावर दिवसाच्या उजेडात रंग पाहा. घरातल्या पिवळ्या दिव्यात ० आणि ०.२५ मधला फरक कळत नाही. त्यांच्या फ्रेशवॉटर मास्टर किटमध्ये जीएच-केएच (पाण्याचा एकूण आणि कार्बोनेट कठीणपणा) मोजायचं साधन नसतं. श्रिम्पवाल्यांनी ते वेगळं घ्यावं, सोबत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारं मीटर.

उपसायचा दिवस

आदल्या दिवशी खाद्य बंद. रिकाम्या पोटाचा मासा टबात कमी घाण करतो. दुसऱ्या दिवशी आधी टब जागेवर ठेवा, कारण भरल्यावर तो हलणार नाही. मग टाकीच्या मधल्या थरातलं स्वच्छ पाणी सायफनने टबात घ्या. पिकलेला स्पंज लगेच तिकडे लावा, हवा चालू करा. सायफनच्या तोंडाला स्पंजाचा तुकडा बसवला तर पिल्लं खेचली जात नाहीत.

यानंतर लाकूड आणि दगड उचला, झाडं काढा. रेती अजूनही हलवायची नाही. जुन्या, खोल थरात सडलेला गाळ आणि कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड असतो, तो जीव आत असताना उठवायचा नाही. पाणी तीन-चार इंचांवर आलं की मासे पकडा. एका जाळीने पाठलाग करण्यापेक्षा एक मोठी जाळी स्थिर धरून दुसरीने मासे तिच्याकडे हाकणं खूप सोपं. कोरीडोरास जाळीने पकडू नका. त्यांचे काटे धाग्यात अडकतात, सोडवताना मोडतात. प्लास्टिकच्या पेल्याने पाण्यासकट उचला. घाबरलेले कोरी त्वचेतून विषारी स्रावही सोडतात, म्हणून त्यांना छोट्या डब्यात दाटीवाटीने ठेवू नका, थेट टबात न्या. बेटा (फायटर मासा) असेल तर त्याला वेगळं लहान भांडं द्या. तो वरून हवा घेतो, त्यामुळे झाकण आणि पाण्यात दोन बोटं मोकळी जागा हवी.

टबात पीव्हीसी पाइपचे चार तुकडे, काढलेलं लाकूड आणि थोडं मॉस (पाण्यातलं शेवाळासारखं झाड) टाका. उघड्या तळावर टेट्रा कोपऱ्यात गोळा होऊन भिंतीवर धडका मारतात. अर्ध्या क्रेटवर पुठ्ठा झाकला की दहा मिनिटांत शांत होतात.

श्रिम्पची वेगळी सोय

मासे आणि श्रिम्प टाकीत वर्षभर गुण्यागोविंदाने राहिले म्हणून टबात राहतील असं नाही. लपायला झाडी नसते, आणि टेट्रा किंवा गप्पी पिल्लांना, नुकती कात टाकलेल्या मऊ श्रिम्पना टोचतात. दुसरं भांडं, मूठभर जावा मॉस, स्वतःचा छोटा स्पंज. श्रिम्पना स्पंज फिल्टर हा फिल्टर कमी आणि ताट जास्त: त्यावरचा जैविक थर त्या दिवसभर कुरतडतात. हवेच्या नळीवरून चढून त्या बाहेरही येतात, तेव्हा झाकणाची फट कापसाने नव्हे, स्पंजाने बुजवा.

पकडण्यासाठी एक लिटरची पाण्याची बाटली वरच्या तिसऱ्या भागात कापा आणि तोंडाकडचा भाग उलटा आत खुपसा. गरम सुईने बाजूला भोकं पाडा, नाहीतर आतलं पाणी कोंदट होतं. साल काढलेल्या दुधीची किंवा काकडीची उकडलेली चकती आत ठेवा. पालकही चालतो, पण पालेभाजीवर फवारणीचा अंश असू शकतो आणि श्रिम्प त्यात वाचत नाहीत. दिवा बंद करून दोन तास ठेवा, मग रिकामी करून पुन्हा लावा. तीन फेऱ्यांत बहुतेक मोठ्या श्रिम्प येतात. उरलेली पिल्लं मॉसमध्ये, फिल्टरच्या स्पंजात आणि रेतीवरच्या शेवटच्या बोटभर पाण्यात असतात. ते पाणी मोरीत ओतू नका. पांढऱ्या बादलीत घेऊन अर्धा तास निवळू द्या आणि टॉर्च मारा.

टबातले दिवस

खाद्य एरवीच्या एक तृतीयांश, एक दिवसाआड. श्रिम्पना मॉस आणि स्पंज असेल तर पहिले चार दिवस काहीच नको. पहिला आठवडा रोज अमोनिया मोजा. ०.२५ दिसला की एक चतुर्थांश पाणी बदला, ०.५ दिसला तर निम्मं. चेरी श्रिम्पच्या भांड्यात मात्र एका वेळी दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त नको. टीडीएस अचानक बदलला की त्या अवेळी कात टाकतात आणि अर्ध्यात अडकून मरतात. त्यांना टीडीएस १५० ते २५० आणि जीएच ६ ते ८ च्या आसपास मानवतो. मुंबईच्या मऊ पाण्यात खनिज मीठ घालावं लागतं, बोअरवेलच्या पाण्यात बऱ्याचदा उलट आरओचं पाणी मिसळावं लागतं.

मासा आजारी वाटला म्हणून टबात हाताशी असेल ते औषध ओतू नका. तांबं असलेली औषधं श्रिम्प मारतात आणि प्लास्टिक-स्पंजात मुरून पुढेही त्रास देतात. आजारी मासा तिसऱ्या भांड्यात.

परत नेताना

रेती तीच आणि फिल्टर तोच असेल तर पाणी निवळून तापमान जुळलं की त्याच दिवशी मासे परत जाऊ शकतात. नवी सॉइल असेल तर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग काही दिवस शून्य येईपर्यंत थांबा. पाणी काचेसारखं नितळ दिसणं हा पुरावा नव्हे. ॲक्टिव्ह सॉइल पीएच आणि केएच खाली ओढते. टबातलं पाणी ७.५ वर आणि टाकीतलं ६.५ वर अशी तफावत सहज पडते, आणि पिशवी तरंगवून तापमान जुळवल्याने ती मिटत नाही. चेरी श्रिम्पच मुख्य असतील तर ॲक्टिव्ह सॉइलऐवजी निष्क्रिय रेती घेणं जास्त शहाणपणाचं.

थेंब-थेंब पाणी देण्यासाठी दुकानातल्या महागड्या ड्रिप किटपेक्षा मेडिकलमधला सलाइनचा सेट सरस आहे. चाक फिरवून वेग नेमका धरता येतो आणि थेंब डोळ्यांना मोजता येतात. या सेटचे १५ ते २० थेंब म्हणजे १ मिली. सेकंदाला दोन थेंब सोडले तर तासाला ३६० ते ४८० मिली. श्रिम्प एक लिटर पाण्यात घेतल्या तर ते दुप्पट व्हायला दोन-तीन तास लागतात, तेवढा वेळ द्याच. माशांना एक तास पुरे.

पहिल्या दिवशी चार-पाच श्रिम्प आणि दोन मासे पाठवा, दोन दिवसांनी बाकीचे. टब लगेच मोडू नका. स्पंज आणि हवा आणखी आठवडाभर चालू ठेवा, कारण रिकाम्या वाटणाऱ्या मॉसमधून तीन-चार मिलिमीटरची पिल्लं पाचव्या-सहाव्या दिवशीही निघतात. नव्या टाकीत काही बिघडलं तर जीवांना परतायला चालू भांडं तयार असतं.